या फुलाचं नाव मी ठेवणार

बीड,
रविवार, सकाळ

प्रिय मोहिनी,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. रागावली असशील तर खुशाल रागाव. तुझा राग मला नवा नाही. मी या घरात नवी नवरी होऊन आले तेव्हा तू दहावीत होतीस, आणि मी भाकरी थापायला बसले की शेजारी उकिडवी बसून त्या किती वाकड्या होतात ते सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचीस. तेव्हा मी ऐकून घेतलं. आता मीही साठी ओलांडली आहे, पेन्शन खाते आहे, आणि माझ्या गच्चीवर असं एक फूल उमललंय जे या जगात याआधी कुठेच उमललेलं नाही. त्यामुळे आता ऐकून घ्यायची पाळी तुझी.

भांडण झालं ते एवढ्यावरूनच. फूल उमललं त्या दिवशी सगळ्यात आधी तुला फोन केला, आणि तू फूल कसं दिसतं हे विचारायच्या आधी म्हणालीस, ‘नाव मीच ठेवणार वहिनी, आत्या हाय मी त्याची.’ वर नावही तयार! सुगंधा. अगं, दूध देणाऱ्या गाईचं नाव वाटतं ते. मी म्हटलं, नाही, या फुलाचं नाव मी ठेवणार. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझं ‘बरं’ मला चांगलं कळतं. धर्मापुरीच्या शाळेत तू मुख्याध्यापिका असताना तुझं ते ‘बरं’ ऐकून शिक्षकांना घाम फुटायचा, असं तूच सांगायचीस. तेव्हापासून तुझा फोन नाही, आणि तुझ्या भावानं लावला तर त्यांनाही दोन वाक्यांत वाटेला लावतेस. त्यांचा काय दोष?

आता तू विचारलं नाहीस तरी फूल कसं आहे ते सांगते. पाकळ्या साईच्या रंगाच्या, त्यावर तपकिरी रेघांचा बारीक चौकडा, आपल्या जुन्या लुगड्यांना असायचा तसा. मधली जिभेसारखी पाकळी जांभळी, आणि जांभळी म्हणजे पिकल्या जांभळासारखी, भडक नाही. एका दांड्याला नऊ फुलं लागलीत. सकाळी ऊन वर आलं की वास सुटतो, आधी लिंबासारखा आणि मग जरा गोडसर. जिन्यातून वर येणारा माणूस शेवटच्या पायरीवर थांबतोच. परवा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन वासाच्या मागे गच्चीपर्यंत आला. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो बिचारा ‘लई भारी हाय काकू’ म्हणाला आणि खाली गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की सिलिंडर वरच राहिलं. तुझे भाऊ म्हणतात मी आता रस्त्यावरच्या माणसाला धरून सांगते. सांगते! का सांगू नये? पस्तीस वर्षं नर्स म्हणून दुसऱ्यांच्या मुलांच्या जन्माच्या बातम्या वॉर्डाबाहेर येऊन मीच सांगितल्या. ही माझी स्वतःची आहे.

या फुलाच्या आईला तू ओळखतेस. दिंद्रुडच्या आंब्यावरची रास्ना. लोणच्याच्या कैऱ्या आणायला आपण दोघी गेलो होतो आणि आंब्याचा मालक राधाकिशन झाडावर चढून कोयत्यानं बांडगुळं छाटत होता, आठवतंय? छाटलेल्या ढिगात तिचा एक जुडगा पडला होता, पट्ट्यांसारखी पानं, जाड पांढरी मुळं आणि त्याला चौकड्याची चार फुलं. मी उचलला तर तो झाडावरूनच ओरडला, ‘बाई, ते बांडगूळ हाय, झाडाचं रगत पितंय.’ त्याचंही चूक म्हणता येत नाही, आंब्यावर परकं काही दिसलं की कापायचं हेच आपल्याकडे सगळे बापजाद्यांपासून करत आलेत. पण मी ती मुळं बघितली. बांडगुळाचं मूळ फांदीच्या आत शिरलेलं असतं, याची नुसती सालीला बिलगलेली होती, हलक्या हातानं सोडवली तर सालीचा कपचाही निघाला नाही. हे झाड आंब्याकडून फक्त बसायला जागा मागत होतं. खायचं-प्यायचं त्याचं ते हवेतून आणि पावसातून बघून घेत होतं. राधाकिशनला खाली बोलावून दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं आणि राहिलेले दोन जुडगे फांदीवर तसेच सोडले. ते अजून आहेत, दर उन्हाळ्यात फुलतात. आपल्या ओसाड म्हणून हिणवलेल्या मुलखात ऑर्किड आपलं आपण उगवतं, हे मला पन्नाशीच्या आसपास कळलं, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

लोकांना वाटतं ऑर्किड म्हणजे दार्जिलिंग नाहीतर हॉटेलातल्या टेबलावरचा जांभळा दांडा. बीडमध्ये मे महिन्यात कावळा सावली शोधतो, तिथं मी चाळीसेक जातींची झाडं सांभाळली आहेत, आणि दुकानात मिळतात तसली नाहीत. एकाची फुलं मोहरीएवढी, भिंगातून बघावी लागतात. एकाचं फूल माशीसारखं दिसतं, इतकं की तुझ्या भावानं ते एकदा फडक्यानं मारलं. आणि तो वाघचौरा, जो पावसाळ्यात दोन महिने वर येतो आणि उरलेलं वर्ष मातीत गडप होतो. त्याची रिकामी कुंडी मी उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात हलवत असते. शेजारच्या वनमालाबाईंनी एकदा काळजीनं विचारलं, ‘ताई, त्या कुंडीत काहीच न्हाई, तुमाला दिसतंय ना?’ त्यांना वाटलं माझे डोळे गेले.

पाण्याचं तर विचारूच नकोस. आपल्या बोअरचं पाणी ऑर्किडला विष आहे. क्षार इतके की मुळांवर पांढरा थर चढतो आणि झाड महिनाभरात मान टाकतं. पावसाचं पाणी पत्र्यावरून टाकीत धरलं, पण ते फेब्रुवारीपर्यंत कसंबसं पुरतं. मग मला शेजारच्या कोचिंग क्लासचा एसी दिसला. भिंतीबाहेरच्या नळीतून दिवसभर पाणी टपकतं, शुद्ध, क्षाराचा कणही नाही. मी रामेश्वर सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, तुमच्या एसीचं पाणी मला द्या. ते आधी हसले. मग म्हणाले, घ्या, पण मुलांना बघायला पाठवीन. आता डॉक्टर व्हायला निघालेल्या बीडमधल्या पोरांच्या डोक्यांना गार ठेवून जे पाणी उरतं, त्यावर माझी झाडं जगतात. जुन्या कूलरच्या ताट्यांमधलं गवत मी फेकत नाही, धुऊन मुळांभोवती गुंडाळते. आणि चांगला कूलर उन्हाळ्यात कुणासमोर असतो ते तुला माहीत आहे. एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडून दमून आलेला तुझा भाऊ पंख्याखाली उघडा बसून म्हणतो, ‘झाडाला कूलर अन् मला पंखा. म्या काय पाप केलंय?’ मी म्हणते, तुम्हाला घाम येतो, त्यांना येत नाही.

आता या फुलाच्या बापाची गोष्ट. ईशान्येकडचं एक छोटं झाड कुरिअरनं मागवलं होतं, पांढऱ्या फुलांचं, लिंबाच्या वासाचं. चार उन्हाळे ते नुसतं पानं हलवत बसलं. आणि एका मे महिन्यात, तू सुट्टीला आली होतीस तेव्हा, ते आणि रास्ना एकाच आठवड्यात फुलले. मी दात कोरायची काडी घेतली, पांढऱ्या फुलातला परागांचा पिवळा गोळा उचलला आणि रास्नेच्या फुलात चिकटवला. तू छत्री धरून उभी होतीस आणि मला हसत होतीस. ‘वहिनी, लग्नात आंतरपाट न्हाई, मंगलाष्टका न्हाई, काय रजिस्टर मॅरेज लावायलीस का?’ मग स्वतःच वाकून त्या फुलाला म्हणालीस, ‘सुखानं नांद गं बाई.’ दोन दिवसांत फूल कोमेजलं आणि तुला वाटलं लग्न मोडलं. मी म्हटलं, थांब, नर्सला विचार. देठ फुगायला लागला होता.

शेंग वर्षभर झाडावर पिकली. तिच्यातलं बी म्हणजे नुसती पूड, चिमटीत हजारो. रानात झाडाच्या सालीतली एक बुरशी त्याला भरवते, घरी ते उगवत नाही. म्हणून शेंग पुण्याच्या एका लॅबला पाठवली. तिथून काचेच्या बाटल्यांत हिरवे ठिपके होऊन आले. त्या बाटल्या तुझ्या भावानं पुण्याहून बीडपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणल्या, पाय सुन्न झाले तरी खाली ठेवल्या नाहीत. कूलरबद्दल कितीही बोलू देत, त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. बाटलीतून काढलेली पंचवीस रोपं होती. पहिल्या उन्हाळ्यात बरीच गेली. दुसऱ्यात अजून गेली. शेवटी राहिली तीन, आणि त्यातलं हे एक फुललं. मी शोध घेतला, पुण्याच्या जाणकारांना विचारलं. या दोन झाडांचं लग्न आजवर कुणीच लावलेलं नाही, किंवा लावलं असेल तर त्याची कुठे नोंद नाही. विलायतेत एक संस्था आहे, ती साऱ्या जगातल्या अशा नव्या ऑर्किडांची नावं नोंदवते. एकदा नोंदलं की नाव कायमचं. उद्या कुणी जपानमध्ये हेच लग्न पुन्हा लावलं तरी त्या फुलाला आपण ठेवलेलंच नाव घ्यावं लागणार.

हे कळल्यापासून आपल्या गल्लीत दुसरा विषय नाही. रामेश्वर सरांना फुलाला क्लासचं नाव हवंय, पाणी त्यांचं आहे ना. एक कार्यकर्ता येऊन गेला, त्याला साहेबांचं नाव हवंय, बॅनरचा खर्च तो करणार म्हणे. आपली दोन्ही पोरंही मागे नाहीत, समाधान पुण्याहून म्हणतो काहीतरी इंग्रजी ठेव, जगात चालेल असं. रूपालीला तिच्या मुलीचं नाव हवंय. तुझ्या भावाला तुमच्या आईचं, भिवराबाई. ते ऐकून मला एक दिवस खरंच चुटपुट लागली, सासूबाईंनी मला नर्सिंगला पाठवलं हे मी विसरणार नाही. आणि तू तर हक्कच सांगितलास.

हक्क तुझा आहेच, मी कुठे नाही म्हणते? या घरातली सगळी नावं तू ठेवलीस. मला समाधानचं बारसं लख्ख आठवतं. पाळण्यात वाकून तू त्याच्या कानात ‘कुर्रर्र’ केलंस आणि आम्ही बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले. मी जरा जोरातच घातला, कारण मला त्याचं नाव अशोक ठेवायचं होतं. नऊ महिने पोटावर हात ठेवून मी त्याला अशोकच म्हणत होते. रूपालीच्या वेळी सुजाता ठरवलं होतं. तेव्हाही आत्यानं आपलंच खरं केलं. आईला कुणी विचारत नाही, रीतच आहे. मीही मग तीच नावं लाडानं घ्यायला लागले. पण मनात एक राहिलं होतं, ते आज तुला सरळ सांगते. माझं म्हणून जे जन्माला आलं, त्यातल्या एकाचं तरी नाव मला ठेवायचं होतं. म्हणून फोनवर इतकी ताडकन बोलले.

आणि खरं तर त्या दोघांची नावं तू ठेवलीस ते वावगं कसं म्हणू? माझी नाइट ड्यूटी असायची. सकाळी घरी यावं तर तुझ्या दोन्ही बाजूंना दोन्ही पोरं झोपलेली असायची. समाधान पहिल्यांदा आई म्हणाला ते तुला. माझ्यासमोर तू कावरीबावरी झालीस आणि त्याला माझ्याकडे ढकललंस. डी.एड. तू त्यांना मांडीवर घेऊन केलंस. दोन स्थळं आली, चांगली होती, आणि तू दोन्ही वेळा म्हणालीस, ‘पोरं जरा मोठी होऊ द्या.’ पोरं मोठी झाली तेव्हा तुला धर्मापुरीची शाळा मिळाली होती, आणि विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. तुला कुणी बिचारी म्हटलेलं मला खपत नाही, तुलाही खपत नाही. तुझ्या शाळेतून निघालेल्या पोरी आज तालुक्यात नोकऱ्या करतात. पण मोहिनी, त्या लग्नाच्या पत्रिकेचं मी विसरलेले नाही.

समाधानच्या लग्नाची पत्रिका. चुलत दिरांनी नावांची यादी छापखान्यात दिली होती. छापखानेवाल्यानं आपल्या पद्धतीनं श्री. व सौ. अशा जोड्या लावल्या. तुझ्या नावापुढे कु. लिहिलेलं. जोडीत ते बसेना, म्हणून त्यानं उचलून खाली पोरांच्या ओळीत टाकलं. ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!’ असं लिहून चिंटू, परी, सोनू, आणि त्यांच्यामध्ये कु. मोहिनी. ज्याला तू वाढवलंस त्याच्या लग्नात, पन्नाशीची मुख्याध्यापिका! पत्रिका वाटून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. सगळ्यात जास्त तूच हसलीस, ‘चला, वय तरी कमी झालं’ म्हणून साऱ्या पाहुण्यांना दाखवत फिरलीस. पण तू त्या दिवशी जेवली नाहीस, ताट मांडीवर घेऊन पोरांना भरवत राहिलीस. नर्सच्या नजरेतून असं काही सुटत नाही. मला त्या छापखानेवाल्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली होती, आणि त्या माणसाचं तरी काय चुकलं, त्याच्याकडे तुझ्यासाठी ओळच नव्हती.

तर आता हे पत्र का लिहिलं ते. नोंदणीचे कागद भरून तयार आहेत. नावाची जागा मी पहिल्याच दिवशी भरली, तुला फोन करायच्या आधी. म्हणून तुझं ‘सुगंधा’ ऐकून माझी पंचाईत झाली आणि मी वसकन ओरडले. भरलेलं नाव खोडायचं नव्हतं, कारण मला दुसरं नाव नकोच होतं. त्या फुलाचं नाव मोहिनी आहे. पुढे कुमारी नाही, सौभाग्यवती नाही, कुणाची बहीण नाही की कुणाची आत्या नाही. नुसतं मोहिनी. फक्त एक अडचण आहे. त्या संस्थेचा नियम असा की जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्या माणसाची लेखी संमती लागते. फोनवरचं ‘बरं’ चालत नाही. सोबत एक कोरा कागद ठेवला आहे, त्यावर तुझ्या त्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिही, की माझं नाव द्यायला माझी हरकत नाही, आणि खाली सही कर. बारशाला नाव आत्या ठेवते आणि आईला कुणी विचारत नाही, हे मी आयुष्यभर सोसलं. यावेळी आईनं ठेवलंय, आणि बघ, आत्याला विचारतेय.

तुझ्या पाठीत आणखी एक धपाटा घालायला टपून बसलेली
तुझीच,
पंचशीला वहिनी